कुत्र्यासह सातारा–कास–बामणोली : एका दिवसाच्या रस्त्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याच्या पश्चिमेला यवतेश्वर घाट चढून कासच्या पठारावरून बामणोलीला उतरणारा रस्ता आम्ही वर्षातून चार-पाच वेळा तरी करतो आणि प्रत्येक वेळी मागच्या सीटवर चिंगी नावाची आमची गावठी कुत्री असते. सकाळच्या फेरीत भेटणारे कुत्रेवाले, सोसायटीतील शेजारी आणि पुण्या-सांगलीचे नातेवाईक तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता त्या क्रमांकाकडे बोट दाखवले आहे.

१. हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो आणि तो एका दिवसात आरामात होतो का?

समर्थ मंदिरावरून पुढे येऊन बोगद्यापाशी सज्जनगडाचा रस्ता सोडला आणि कासची वाट धरली की लगेच यवतेश्वर घाट सुरू होतो. घाट संपल्यावर रस्ता डोंगराच्या धारेवरून पश्चिमेकडे जातो. उजव्या हाताला खाली वेण्णा नदीवरच्या कण्हेर धरणाचे पाणी आणि डाव्या हाताला उरमोडी धरणाचे पाणी, त्यापलीकडे सज्जनगड, असा देखावा बराच वेळ सोबत राहतो. साताऱ्यापासून कास सुमारे २५ किलोमीटर आहे. तेथून जंगलातून उतरत बामणोलीला, म्हणजे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला पोहोचेपर्यंत आणखी दहा-बारा किलोमीटर होतात. जाऊन-येऊन हे अंतर ऐंशीच्या आतबाहेरच भरते. नुसती गाडी हाकायची तर तीन तास पुरतात, पण कुत्रा सोबत असेल तर दर पाऊण तासाने थांबणे आले, आणि त्या थांबण्यांसाठीच हा दिवस राखून ठेवायचा असतो. आम्ही साताऱ्याहून सकाळी साडेसहाला निघतो आणि सूर्य मावळण्याच्या आत घाट उतरलेलो असतो. त्यामागचे कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

२. कासला फुले, वासोट्याला जंगल, सज्जनगडावर समाधी. यांपैकी कुत्र्याला घेऊन कुठेच जाता येत नसेल तर जायचे कशाला?

हा प्रश्न थोड्या नाराजीने विचारला जातो, आणि तो रास्त आहे. सज्जनगडावर समर्थ रामदासांचे समाधिमंदिर आहे आणि तेथे भाविकांची वर्दळ असते; कुत्र्याला घेऊन पायऱ्या चढणे कोणालाच सुखाचे होत नाही. कासच्या फुलांच्या क्षेत्राविषयी प्रश्न ४ आणि वासोट्याच्या किल्ल्याविषयी प्रश्न ५ पाहावा. थोडक्यात, पर्यटनाच्या पाटीवर ज्यांची नावे आहेत ती बहुतेक ठिकाणे या सहलीतून वजा करावी लागतात. उरतो तो रस्ता, आणि आमच्या मते कुत्र्याला हवा असतो तो तोच. चिंगीला धबधब्याचे काही पडलेले नसते. घाटमाथ्यावर गाडी थांबवून काच अर्धी खाली केली की खालच्या वाडीतला चुलीचा धूर, रात्री रस्ता ओलांडून गेलेल्या रानडुकराचा माग आणि म्हशींच्या शेणाचा वास, हे सगळे ती नाक वर करून डोळे मिटून दहा मिनिटे वाचत बसते. म्हणून आधी नावाची ठिकाणे ठरवून मग कुत्र्याचे काय करायचे हा विचार करण्यापेक्षा, आधी बिननावाचे थांबे ठरवावेत आणि त्यांच्याभोवती दिवस बेतावा. ज्यांना फुलेच पाहायची आहेत त्यांनी त्या दिवशी कुत्र्याला घरी ठेवावे. यात कुत्र्याचा अपमान होत नाही.

३. कोणत्या महिन्यात जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ कुत्र्यासाठी सर्वांत चांगला. हवा थंड असते, रस्ता कोरडा असतो, फुलांची गर्दी ओसरलेली असते आणि जलाशय बऱ्यापैकी भरलेला असतो. या काळाचा एकच मोठा तोटा म्हणजे कुसळे. त्यासाठी प्रश्न १० स्वतंत्र दिला आहे.

जून ते ऑगस्टमध्ये पठारावर धो धो पाऊस आणि दाट धुके असते. यवतेश्वर घाटात कधी कधी बॉनेटच्या पुढचे दिसत नाही आणि दरडीचे दगड रस्त्यावर आलेले असतात. अशा वेळी मागे ओला, अस्वस्थ कुत्रा असेल तर चालकाचे लक्ष दोन ठिकाणी विभागते. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा हंगाम असतो आणि सुटीच्या दिवशी वाहनांच्या रांगा लागतात; त्या काळात जायचेच असेल तर मधला वार धरावा आणि उजाडताच निघावे. मार्च ते मे महिन्यांत सकाळी नऊनंतर पठारावर सावली म्हणून काही नसते. जांभ्या दगडाचा कातळ आणि डांबर दोन्ही तापतात. हाताची मागची बाजू कातळावर टेकवून सात-आठ सेकंद सहन होत नसेल, तर कुत्र्याच्या तळव्यांनाही ते सहन होणार नाही. उन्हाळ्यात वणवेही लागतात, त्यामुळे त्या महिन्यांत आम्ही जात नाही.

४. हंगामात साखळी घट्ट धरून कुत्र्याला फुलांमध्ये नेले तर काय बिघडते?

नेऊ नये. कास हे २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक आहे. महाराष्ट्रातील अशी स्थळे चारच आहेत, आणि कोयना, चांदोली व राधानगरी ही उरलेली तीन. येथील बरीचशी फुले जांभ्या कातळावरच्या काही बोटे जाडीच्या मातीत आणि पाणथळ खळग्यांत उगवतात. माणूस पायवाटेवर राहू शकतो. कुत्र्याला पायवाट ही कल्पनाच मान्य नसते, आणि चार पावले आत जाऊन एकदा माती उकरली की तेवढा तुकडा त्या वर्षापुरता गेला. हंगामात प्रवेशासाठी ऑनलाइन नोंदणी लागते, संख्येवर मर्यादा असते आणि गर्दी इतकी असते की शांत कुत्राही बिथरतो. घरातील दोघे आळीपाळीने आत गेले आणि एकजण कुत्र्यासह बाहेर थांबला, हा तोडगा आम्ही एकदा करून पाहिला आहे. आत गेलेल्याला घाई होते आणि बाहेरचा कंटाळतो.

५. बामणोलीहून बोटीने वासोट्याला किंवा जलाशयाकाठच्या तापोळ्याला कुत्रा नेता येईल का?

वासोट्याला नाही. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो आणि तेथे पाळीव कुत्र्यांना प्रवेश नाही. हा नियम केवळ कागदी नाही. कुत्र्यांमधील डिस्टेंपरचा विषाणू वन्य मांसाहारी प्राण्यांना जडू शकतो. २०१८ साली गीरमध्ये सिंहांचे मृत्यू झाले तेव्हा त्यांपैकी काहींमध्ये हाच विषाणू आढळला होता. आपला कुत्रा लसवंत असला तरी जंगलाच्या हद्दीवरचा नियम सर्वांना सारखा असतो.

तापोळ्याच्या किंवा साध्या जलसफरीच्या बोटीचा प्रश्न वेगळा आहे. तेथे बोटवाल्यांना आधी विचारावे, बोटीत इतर कुटुंबे असतील तर आग्रह धरू नये, आणि इंजिनाच्या आवाजाला बुजणारा कुत्रा असेल तर जाऊच नये. भर पाण्यात उडी मारलेल्या कुत्र्याला वर घेणे हे काठावरून दिसते तितके सोपे नसते.

६. गाडीत कुत्र्याला कुठे आणि कसे बसवावे?

मागच्या सीटवर, छातीभोवती येणारा हार्नेस घालून आणि त्याची पट्टी सीटबेल्टच्या खटक्यात अडकवून बसवावे. पट्टी इतकीच लांब असावी की त्याला उठता, वळता आणि बसता येईल, पण दोन सीटांच्या मधून पुढे येता येणार नाही. गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नये, कारण घाटात अचानक ब्रेक लागला तर सगळा झटका मानेवर येतो. लहान कुत्रा असेल तर बंद पिंजरा बरा, मात्र तोही पट्ट्याने बांधलेला असावा. पुढच्या सीटवर एअरबॅग असते आणि ती कुत्र्याचा विचार करून बनवलेली नसते. मांडीवर घेऊन गाडी चालवणे तर बोलायलाच नको. काचेतून डोके बाहेर काढलेला कुत्रा छायाचित्रात छान दिसतो, पण कासच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि कारवीच्या काटक्या गाडीला घासत जातात, त्यामुळे काच नाक बाहेर येईल एवढीच उघडावी. टेम्पोच्या हौद्यात बांधून किंवा बंद डिकीत कोंबून नेणे हे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हा ठरू शकते. दुचाकीवर पुढे उभा राहून जाणारा कुत्रा गावात चालतो, घाटात नाही.

७. आमचा कुत्रा घाटात हमखास उलटी करतो. काय करावे?

पहिल्या वर्षी चिंगीने यवतेश्वराच्या घाटात, चौथ्या-पाचव्या वळणावर, नियमाने उलटी केली. उलटी अचानक होते असे वाटते, पण तसे नसते. आधी ती जांभया देऊ लागते, मग ओठ चाटते, मग खालच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची एक पातळ तार सीटवर उतरते. ती तार दिसल्यापासून गाडी बाजूला घ्यायला साधारण दोन मिनिटे हातात असतात. त्यामुळे मागे बसणाऱ्या माणसाचे काम देखावा पाहणे हे नसून ती तार पाहणे हे आहे.

निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खाऊ घालू नये. पाणी मात्र तोडू नये. वेग कमी ठेवावा, वळणात ब्रेक मारण्याऐवजी वळणाआधीच वेग उतरवावा आणि दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात. गाडीत सुगंधी द्रव्याची बाटली टांगलेली असेल तर ती काढावी. आपल्याला मंद वाटणारा वास त्या नाकाला असह्य होतो. पिल्लांमध्ये हा त्रास जास्त असतो आणि पुष्कळदा वयाबरोबर कमी होतो. सवय लावण्यासाठी आधी महिनाभर बोगद्यापर्यंत, मग यवतेश्वराच्या मंदिरापर्यंत आणि परत अशा छोट्या फेऱ्या कराव्यात. एवढे करूनही फरक पडला नाही तर उलटी थांबवणारी कुत्र्यांसाठीची गोळी मिळते. ती पशुवैद्यांनी वजन पाहून ठरवावी. माणसांची गोळी अर्धी करून देऊ नये.

८. दिवसभरासाठी खायला काय न्यावे आणि काय टाळावे?

घरी जे खातो तेच न्यावे, नेहमीपेक्षा थोडे कमी. आम्ही भाकरी आणि उकडलेले अंडे नेतो. माणसी जसा डबा, तसे कुत्र्यामागे किमान दोन लिटर पाणी घ्यावे.

टाळायच्या गोष्टींत आपल्या दोन जिल्ह्यांचा अभिमानच आडवा येतो. तासगावचा बेदाणा, आणि एकूणच द्राक्षे व मनुका, कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळे असते, म्हणून एकही देऊ नये. कांदा-लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य) असलेले च्युइंगमही विषारीच आहेत. साताऱ्याचे कंदी पेढे विष नव्हेत, पण एका सहलीत आम्ही चहा घेईपर्यंत चिंगीने पाव किलोचा पुडा कागदासकट संपवला आणि परतीचा प्रवास दर दहा मिनिटांनी थांबत झाला. इतका खवा आणि साखर पोटात गेल्यावर स्वादुपिंडाला सूज येण्याचाही धोका असतो. पेढे परत येताना घ्यावेत आणि डिकीत ठेवावेत.

९. पठारावर माणूस दिसत नाही. तिथे कुत्रा मोकळा सोडला तर चालेल ना?

माणूस दिसत नाही म्हणजे कोणी नाही, असे नव्हे. हे चराऊ रान आहे आणि येथील वाड्या-वस्त्यांच्या म्हशी, गाई व शेळ्या दिवसभर त्यात असतात. शहरी कुत्र्याला म्हैस दिसली की तो भुंकतो किंवा मागे लागतो. मग म्हैस बिथरून कड्याच्या बाजूला धावते, किंवा सरळ कुत्र्यावर येते. गुराख्याबरोबर बहुधा त्याचा राखणदार कुत्राही असतो. तो भांडखोर नसतो, पण आपली हद्द ओळखतो. रस्त्याच्या मधोमध उभा राहून शेपटी ताठ करून पाहत राहतो, आणि त्याने पाहणे थांबवेपर्यंत आपल्या कुत्र्याला गाडीतून उतरवू नये. गुराखी जवळ असेल तर रामराम करावा आणि विचारावे. “सोडा की, कायबी करत नाय” असे उत्तर आले तरी साखळी हातातच ठेवावी.

याशिवाय टिटवी, चंडोल असे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि ससा किंवा घोरपड दिसल्यावर हाकेला येणारा कुत्रा आम्ही अजून पाहिलेला नाही. वन्य प्राण्याचा पाठलाग झाला तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली तो मालकाच्या अंगाशी येऊ शकतो. पाच-सहा मीटरची लांब दोरी हार्नेसला लावली तर कुत्र्याला हुंगायला पुरेशी मोकळीक मिळते आणि आपल्याला निश्चिंती.

१०. कुसळांची एवढी भीती का दाखवता?

कारण ती लहान असतात आणि दुखणे मोठे देतात. ऑक्टोबरनंतर पठारावरचे आणि रस्त्याकडेचे गवत पिवळे पडते आणि कुसळी गवताची टोकदार बीजे कपड्यांत, मोज्यांत, केसांत अडकू लागतात. या बीजाचे टोक सुईसारखे असते आणि त्यामागची लांब शेपटी सुकली की पिळते, ओल लागली की उलगडते; त्या पिळामुळे बी जमिनीत रुजते, आणि त्याच पिळामुळे ते कातडीतही पुढे सरकत राहते. टोकावरचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत.

एका डिसेंबरात घरी आल्यावर चिंगी दोन दिवस ठीक होती. तिसऱ्या दिवशी ती पुढचा उजवा पंजा सारखा चाटू लागली आणि आम्ही थंडीने भेगा पडल्या असतील म्हणून खोबरेल लावत राहिलो. आठव्या दिवशी दोन बोटांच्या मधे वाटाण्याएवढी गाठ आली. पशुवैद्यांनी ती फोडली तेव्हा आतून पू आणि त्यात काळपट, अर्ध्या इंचाचे कुसळ निघाले. खोबरेलाचा खर्च वाया गेला.

त्यामुळे प्रत्येक थांब्यानंतर गाडीत घेण्याआधी बोटांच्या बेचक्या, कानांच्या आतली बाजू, काखा आणि शेपटीचे मूळ तपासावे. घरी आल्यावर बारीक कंगवा फिरवावा. एकाच बाजूला डोके सारखे झटकणे, एकच डोळा मिटून घेणे किंवा अचानक सलग शिंका येणे ही कुसळ आत गेल्याची खूण असू शकते. अशा वेळी चिमट्याने खोल शोधाशोध न करता दवाखाना गाठावा. लांब केसांच्या कुत्र्यांचे पंजांमधले केस निघण्याआधीच कापून घ्यावेत.

११. कास तलावात किंवा शिवसागरात कुत्र्याला पोहू द्यावे का?

कास तलावात अजिबात नाही. सातारा शहर ते पाणी पिते. शिवसागराच्या काठाला, बोटींच्या धक्क्यापासून दूर, साखळी लावून पाय भिजवायला हरकत नाही, पण उन्हाळ्याकडे पाणी मागे हटते तसा काठावर गाळ उघडा पडतो आणि वरून सुकलेला दिसणारा हा गाळ आत चिखल असतो. पिण्यासाठी मात्र घरचेच पाणी द्यावे. खळग्यांत साचलेल्या आणि गुरे बसणाऱ्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि तो कुत्र्याकडून माणसालाही होतो.

१२. बामणोलीत जेवायला बसताना कुत्र्याला काचा थोड्या खाली करून गाडीत ठेवले तर?

ठेवू नये, हिवाळ्यातही नाही. बाहेर २१ अंश सेल्सिअस इतकी सुखद हवा असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ३० अंशांच्या पुढे आणि अर्ध्या तासात ४० अंशांच्या आसपास तापमान जाते. काच दोन बोटे खाली असल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि आजूबाजूची हवाच तापली की तो उपायही संपतो. बामणोलीतील बहुतेक खाणावळी घरगुती आहेत; पोहोचल्याबरोबर विचारले तर अंगणातल्या झाडाखाली बसायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. जेथे नाही म्हणतात तेथे वाद न घालता पुढे जावे. तळलेल्या माशाचे काटे त्याला घालू नयेत, यजमानाने प्रेमाने दिले तरी.

कुत्रा बेसुमार धापा टाकू लागला, हिरड्या लालभडक दिसू लागल्या किंवा तो तोल जाऊन चालू लागला, तर तो उष्माघात समजावा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि ४१ च्या पुढे जीव धोक्यात येतो. सावलीत नेऊन सर्वांगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि पाणी ओतणे चालू ठेवूनच दवाखान्याकडे निघावे.

१३. बिबट्या खरोखरच असतो का, की उगाच?

असतो, आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. कास ते बामणोली या पट्ट्यात रानगवे आणि अस्वलेही आहेत. दिवसा गाडीच्या आसपास राहणाऱ्याला सहसा काही होत नाही. अडचण पहाटे आणि संध्याकाळी होते. म्हणून उजाडल्याशिवाय कुत्र्याला उतरवत नाही आणि दुपारी साडेतीन-चारला बामणोली सोडतो. रस्त्यात गवा उभा असेल तर लांबच थांबावे, हॉर्न वाजवू नये, काचा वर कराव्यात. गाडीतून भुंकणारा कुत्रा गव्याला आवडत नाही. चिंगीच्या डोक्यावर अशा वेळी आम्ही टॉवेल टाकतो आणि ती गप्प होते.

१४. साप चावला तर गावच्या आरोग्य केंद्रात कुत्र्याला इंजेक्शन देतात का?

त्यावर अवलंबून राहू नये. ग्रामीण रुग्णालयांतील प्रतिसर्पविष माणसांसाठी राखलेले असते. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालते आणि कुत्र्यालाही तेच दिले जाते, पण मात्रा व देखरेख पशुवैद्यांची लागते. जांभ्याच्या कातळावर दगडाखाली फुरसे असू शकते, म्हणून दगडांच्या ढिगात नाक घालू देऊ नये. चावल्यास कुत्र्याला चालवू नये, उचलून गाडीत ठेवावे. करकचून बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. साप मारत किंवा पकडत बसण्यात वेळ घालवू नये. कोठे जायचे ते प्रश्न १६ मध्ये आहे.

१५. जाण्याआधी कोणत्या लसी आणि औषधे झालेली असावीत?

रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी चालू असाव्यात आणि लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो मोबाइलमध्ये असावा. गोचिडांवरची गोळी किंवा मानेवर टाकायचे औषध निघण्याआधी दोन-तीन दिवस दिलेले असावे, कारण गुरांच्या रानात गोचीड असणारच आणि गोचीड-ताप अंगावर काढण्यासारखा आजार नव्हे. पावसाळ्यात जळवा लागतात. जळू नखाने तिच्या तोंडाकडून सरकवून काढावी, जखमेवर मीठ किंवा तंबाखू चोळू नये. पेटीत पट्टी, चिमटा, मिठाचे निर्जंतुक पाणी आणि तोंडाला बांधायला सुती पट्टा ठेवावा, कारण दुखऱ्या जागी हात लावल्यावर सर्वांत गुणी कुत्राही चावतो. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये.

१६. वाटेत काही झाले तर पशुवैद्य कुठे मिळेल?

कासच्या पुढे कुत्र्यांचा दवाखाना आहे असे समजून निघूच नये. गंभीर प्रसंगी गाडी साताऱ्याकडेच वळवावी. तालुक्याच्या गावी, म्हणजे जावळीसाठी मेढ्याला, शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पण तेथील मुख्य काम गुरांचे असते. पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. जिल्ह्यातील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय शिरवळला आहे, मात्र ते पुणे महामार्गावर, या रस्त्याच्या उलट दिशेला पडते. खोऱ्यात उतरल्यावर मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून साताऱ्यातील आपल्या पशुवैद्यांना आदल्या दिवशी फोन करून ते त्या दिवशी गावात आहेत का, हे विचारून ठेवावे. आम्ही एकदा हे केले नाही. रविवार होता, तीन दवाखान्यांना कुलूप होते. तसेच इंधनाची टाकी साताऱ्यातच भरावी आणि स्टेपनीत हवा आहे ना, हे पाहावे.

१७. त्याऐवजी ठोसेघर–चाळकेवाडीचा रस्ता कसा आहे?

अनुभवी नसलेल्या कुत्र्यासाठी तो सोपा आहे. बोगद्यातून सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघरावरून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या सड्यावर जाता येते; अंतर कमी आणि सडा सपाट आहे. धबधब्याच्या सज्ज्याकडे कुत्र्याला नेऊ नये. पवनचक्कीच्या पात्यांचा सपसप आवाज आणि जमिनीवरून फिरणारी त्यांची सावली यांना काही कुत्रे घाबरतात, त्यामुळे पहिला थांबा लांब घ्यावा. वाऱ्याला तेथे अडवायला काही नाही. कुत्र्याचे कान आणि आपली टोपी दोन्ही उडतात.

१८. आम्ही सांगलीचे. एका दिवसात जमेल का?

सांगली ते सातारा सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. कराडवरून महामार्गाने येऊन, बामणोली करून, रात्री परत जाणे हे माणसाला जमते, कुत्र्याला शिक्षा होते. साताऱ्यात आदल्या रात्री मुक्काम करावा. जवळचे काही हवे असेल तर मिरजेच्या पूर्वेचा दंडोबाचा डोंगर हिवाळ्यात चांगला. वनखात्याची जागा असल्याने साखळी आणि सूचनाफलक दोन्ही पाळावेत. सागरेश्वर हे हरणांचे अभयारण्य आणि चांदोली हे राष्ट्रीय उद्यान आहे. दोन्ही कुत्र्यासाठी वर्ज्य.

१९. पिल्लू, म्हातारा कुत्रा किंवा पग असेल तर?

लसींचा पहिला क्रम, म्हणजे साधारण चार महिने, पूर्ण होईपर्यंत पिल्लाला जमिनीवर उतरवण्याच्या सहलीला नेऊ नये. म्हाताऱ्या कुत्र्याला रस्ता मानवतो, फक्त उडी मारून चढ-उतार करू देऊ नये आणि थंडीत पठारावर अंगावर काही घालावे. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धाप लवकर लागते. त्यांच्यासाठी डिसेंबर-जानेवारीची सकाळ एवढीच वेळ धरावी. माजावर आलेली कुत्री मात्र नेऊच नये. प्रत्येक वाडीतून पाच-सहा उमेदवार गाडीमागे लागतात आणि प्रश्न ९ मधला राखणदारही आपले काम सोडतो.

२०. आणि दोरी सुटून कुत्रा रानात गेलाच तर?

मागे धावू नये. पाठलाग केला की तो आणखी लांब जातो. गाडी होती त्याच जागी ठेवावी, दारे उघडी ठेवून एकाने तेथेच बसून राहावे आणि अधूनमधून नेहमीच्या आवाजात हाक मारावी. दुसऱ्याने जवळच्या वाडीत जाऊन पोलीस पाटलांना आणि गुरे राखणाऱ्यांना सांगावे. या रानात कोणाचे काय कुठे फिरते आहे हे गुराख्यांना सर्वांत आधी कळते. पट्ट्यावर कोरलेला मोबाइल क्रमांक असावा, आणि तो चालू असलेला असावा. वास ओळखून कुत्रा पुष्कळदा गाडी उभी होती तेथेच परत येतो, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. अंधार पडल्यावर निघावेच लागले तर त्याच्या अंगाखालचे कापड आणि आपला वापरलेला सदरा तेथे ठेवून यावे आणि उजाडताच परत जावे. आमच्या गाडीत त्यासाठी एक जुनी गोधडी कायम असते. ती धुवायची नाही, असा घरात दंडक आहे, आणि पाहुणे बसले की त्यांना आम्ही पुढची सीट देतो.